‘सुगम्यता : होय’ असं लिहून सही करणाऱ्या साहेबांना

साहेब,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिणार नाही. तुमच्यासारखी सही करणारे राज्यभरातल्या कार्यालयांत, बँकांत आणि कंपन्यांत बसले आहेत. त्या प्रत्येकानं हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

तुमच्या नव्या संकेतस्थळाचा चाचणी अहवाल मी माहितीच्या अधिकारात मागवला होता. तो मुदतीत आला, त्याबद्दल तक्रार नाही. आला मात्र स्कॅन केलेल्या पानांच्या पीडीएफमध्ये. माझ्या संगणकानं ती फाइल उघडली, ‘एम्प्टी डॉक्युमेंट’ म्हणाला आणि गप्प झाला. दिव्यांगांना तुमचं संकेतस्थळ वापरता येतं का, असं एका दृष्टिहीन बाईनं विचारलं आणि तुम्ही तिला उत्तराचा फोटो पाठवलात. शेवटी मधल्या सुट्टीत स्टाफरूममधल्या एका सहकारी बाईंनी तो अहवाल मला वाचून दाखवला. पान किती वेगानं उघडतं, मोबाइलवर नीट दिसतं का, सुरक्षेचं प्रमाणपत्र आहे का, मुख्य अधिकाऱ्यांचा फोटो योग्य जागी आहे का, असे बरेच रकाने होते. शेवटाकडे एक ओळ : ‘दिव्यांगांसाठी सुगम्यता’. त्यापुढे ‘होय’. खाली तुमची सही, शिक्का आणि तारीख.

हे कोणी तपासलं, कशानं तपासलं, कोणत्या दिव्यांग माणसानं संकेतस्थळ वापरून पाहिलं, याची नोंद कुठेच नव्हती. बाईंनी फाइल शेवटपर्यंत खाली सरकवून पाहिली. शेवटचं पान कोरं होतं.

आता त्या ‘होय’चा अर्थ माझ्या बाजूनं सांगते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. मला अजिबात दिसत नाही. संगणकावर काम करताना मी स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावर जे असेल ते आवाजात वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम असतो. माझा आहे एनव्हीडीए. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणानं 2006 साली तो लिहायला घेतला. पुढे जेम्स तेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र जोडीला आला. महागडी सॉफ्टवेअर विकत घेणं आपल्यासारख्यांना परवडत नाही, म्हणून त्यांनी तो जगभर फुकट दिला. तो मराठीही वाचतो. त्याच्यावर मी वर्तमानपत्रं वाचते, प्रश्नपत्रिका काढते, निकालपत्रं भरते, आणि हे पत्रही त्याच्यावरच लिहिते आहे. माउस मी वापरत नाही. टॅबचं बटण दाबत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते, आणि पानाच्या मागे लिहिणाऱ्यानं त्या जागेला जे नाव दिलं असेल ते ऐकते. नाव दिलेलं असेल तर काम तुमच्याइतक्याच वेगानं होतं. दिलेलं नसेल तर होत नाही. इतकं सरळ आहे हे.

मालमत्ता कराच्या सवलतीचा शेवटचा आठवडा होता. मी तुमचं पान उघडलं आणि टॅब दाबला. ‘एडिट, ब्लँक.’ पुन्हा टॅब. ‘एडिट, ब्लँक.’ आणखी एकदा, तेच. तीन रिकाम्या चौकटी. विभाग कुठल्या चौकटीत लिहायचा, मालमत्ता क्रमांक कुठे आणि मोबाइल नंबर कुठे, याचा पत्ता नाही. नावं पडद्यावर छापलेली होती म्हणे, पण ती चौकटींना जोडलेली नव्हती. एका चौकटीला नाव जोडायला तुमच्या प्रोग्रॅमरला एक ओळ लिहावी लागते. मी अंदाजानं भरत गेले. पुढे ऐकू आलं, ‘ग्राफिक’. मग परत ‘एडिट, ब्लँक’. मग ‘बटन’, आणि त्याच्या शेजारी अजून एक ‘बटन’.

ते ग्राफिक म्हणजे कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहा, म्हणजे तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे आम्हाला पटेल, अशी ती परीक्षा. ती अक्षरं चित्रात असतात आणि चित्र स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. यंत्राला वाचता येऊ नये यासाठीच ते काढलेलं असतं. आवाजातल्या कॅप्चाचं चिन्ह शेजारी होतं, हे मला नंतर कळलं. पण ते माउसनंच दाबता येत होतं, टॅबनं तिथं पोचताच येत नव्हतं. दोन बटनांपैकी एक ‘सबमिट’ असणार आणि दुसरं ‘क्लिअर’. मी दाबलं ते ‘क्लिअर’ निघालं. भरलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा सगळं भरून दुसरं बटन दाबलं. मग चुकीच्या कॅप्चाचा संदेश आला, तोही लाल अक्षरांत पानाच्या वरच्या कोपऱ्यात. मला कोणी काही सांगितलं नाही. मी नुसतीच वाट पाहत बसले. थोड्या वेळानं सेशन संपलं.

मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा सौम्य बोलत होता. त्यानं विचारलं, “मॅडम, घरात बघणारं कोणी नाही का? त्यांना भरायला सांगा ना.”

त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं, तेच तो बोलला. माझा राग तुमच्यावर आहे. कारण त्याच्या तोंडचं वाक्य हेच तुमच्या संकेतस्थळाचं खरं धोरण आहे : दिव्यांग माणसाला बघणारं कोणीतरी घरात असतंच, हे गृहीत धरून तुम्ही सही केलीत.

शेवटी शेजारच्या सातवीतल्या मुलाला बोलावलं. गुणी मुलगा आहे. त्यानं चौकटी भरल्या, कॅप्चा वाचला, पैसे भरायच्या पानावर गेला. मी त्याला माझ्या कार्डाचा क्रमांक सांगितला, मुदत सांगितली, मागचे तीन आकडे सांगितले. फोनवर ओटीपी आला आणि माझ्या फोननं तो मोठ्यानं वाचला. त्याच संदेशात पुढचं वाक्य होतं : हा ओटीपी कोणालाही सांगू नका. मी तो सांगितला. माझ्या बँक खात्याची किल्ली एका बारा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायला तुम्ही मला भाग पाडलंत. मी पगार मिळवते, कर भरते, मतदान करते, साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळते, आणि तुमच्या दारात मला एका मुलाचं बोट धरून यावं लागलं. माझ्या शेजारी असा मुलगा तरी आहे. ज्यांच्या शेजारी नाही, ते गल्लीच्या तोंडावरच्या सेवा केंद्रात जातात. तिथल्या अनोळखी माणसाच्या हाती एटीएम कार्ड देतात, पिन सांगतात, आणि घरी येऊन खात्यात किती उरलं हे दुसऱ्या कोणाला तरी विचारतात.

तुम्ही म्हणाल, कॅप्चा सुरक्षेसाठी आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडा सविस्तर सांगते, कारण ‘सुरक्षा’ या एका शब्दावर तुमच्याकडच्या सगळ्या चर्चा थांबतात.

1997 मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रानं, आपोआप संकेतस्थळांचे पत्ते घुसवणाऱ्या प्रोग्रॅमना अडवायला अशी वाकडी अक्षरं वापरली. 2003 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम, निकोलस हॉपर आणि आयबीएममधले जॉन लँगफर्ड यांनी त्याला कॅप्चा हे नाव आणि शास्त्र दिलं. माणसाला सहज जमेल आणि यंत्राला जमणार नाही अशी परीक्षा, ही त्यामागची कल्पना. त्यात ‘माणूस’ म्हणजे डोळस माणूस, असं गृहीत धरलं गेलं. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेनं 2005 सालीच एक टिपण काढून बजावलं की कॅप्चा दिव्यांगांना बाहेर ठेवतो आणि त्याचे पर्याय वापरायला हवेत. आवाजातला कॅप्चा हा पुरेसा पर्याय नाही, कारण ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही ती माणसं ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचतात. त्यांना चित्र काय आणि आवाज काय, दोन्ही बंदच. आणि मला ऐकू येत असूनही आवाजाचा कॅप्चा कसा वाटतो, तेही ऐका. मागे खरखर असते, त्यात आकडे पुटपुटले जातात. मी पहिला आकडा टाइप करते तेव्हा माझा स्क्रीन रीडर तो आकडा मोठ्यानं उच्चारतो, आणि त्या आवाजाखाली पुढचे दोन आकडे बुडतात.

बरं, यंत्रं तरी अडली का? 2017 मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगलचा आवाजातला कॅप्चा प्रोग्रॅमकडून 85 टक्के वेळा सोडवून दाखवला. 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी माणसं आणि यंत्रं यांची तुलना केली. यंत्रं जास्त वेगानं आणि जास्त अचूक उत्तरं देत होती. 2024 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी सिग्नल, मोटारी, झेब्रा क्रॉसिंग ओळखायला लावणारी गूगलची चित्रकोडी यंत्राकडून शंभर टक्के सोडवली. म्हणजे, साहेब, तुमच्या दारावरची परीक्षा आज यंत्र उत्तीर्ण होतं आणि मी नापास होते. ज्याला अडवायचं तो आत गेला आहे. अडली आहे ती करदाती.

आणि मुळात, माझा कर माझ्या नावावर भरून टाकायला कोणतं यंत्र रात्री-अपरात्री येणार आहे? कोणी लोकांची माहिती घाऊक ओरबाडेल ही भीती असेल, तर त्यावर सर्व्हरच्या बाजूनं उपाय आहेत. एका ठिकाणाहून मिनिटाला किती विनंत्या स्वीकारायच्या याला मर्यादा घाला. माणसाला न दिसणारी आणि स्क्रीन रीडरपासूनही लपवलेली एक चौकट पानात ठेवा, जी फक्त यंत्रच भरतं. किंवा पहिल्याच पायरीवर मोबाइलवर ओटीपी पाठवा, तो तुम्ही पुढे मागताच. यातलं काहीही तुमच्या कंत्राटदाराला नवं नाही. त्यानं ते केलं नाही, कारण तुम्ही मागितलं नाही.

पानाच्या वरच्या पट्टीत तुम्ही काय ठेवलं आहे, तेही मी वाचून घेतलं आहे. लहान ‘अ’, मोठा ‘अ’, काळी-पांढरी रंगसंगती, आणि ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ नावाची लिंक. ती उघडली की स्क्रीन रीडर प्रोग्रॅमच्या नावांचा तक्ता येतो : हा फुकट, हा विकतचा, इथून उतरवून घ्या. साहेब, मी त्या पानापर्यंत पोचले ती स्क्रीन रीडरवरच. माझ्याकडे तो आहे. तुमच्याकडे हव्या होत्या त्या नाव दिलेल्या चौकटी. ही पट्टी लावून तुमच्या कंत्राटदारानं बिल काढलं आणि तुम्ही ते मंजूर केलंत. रॅम्प बांधायचा आणि वरच्या टोकाला दाराला कुलूप घालायचं, तसा हा प्रकार आहे. बाहेरच्या देशांतही असली तयार पट्टी विकणारे आहेत. एक ओळ टाका आणि संकेतस्थळ आपोआप सुगम्य होईल, असा दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2025 मध्ये दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल 10 लाख डॉलर भरायला लावले.

आता त्या पीडीएफबद्दल. स्कॅनचं वर सांगितलंच. पण टाइप केलेली पत्रकंसुद्धा आम्हाला वाचता येत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? राज्यातल्या किती तरी कार्यालयांत अजून जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग चालतं. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द पडद्यावर सुरेख दिसतो. पण संगणकाच्या पोटात तिथं ‘भ’ही नसतो आणि ‘र’ही नसतो. तिथं इंग्रजी अक्षरं असतात, ती फक्त मराठी वेश घालून उभी असतात. माझा स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे आत जे आहे ते वाचतो : ‘एच, के, के, जे, आर’. एक अख्खं परिपत्रक मी असं ऐकलं आहे. वेतनवाढीचं होतं की बदल्यांचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, प्रत्येक संगणकात मराठीचा कळफलक आहे, आणि तरीही आपल्याच भाषेतला आपल्याच सरकारचा कागद मला परकीय अक्षरांच्या ढिगाऱ्यासारखा ऐकावा लागतो. मराठीच्या अभिमानाची भाषणं करणाऱ्या प्रत्येकानं एकदा हेडफोन लावून हे ऐकावं.

हे सगळं माझ्या एकटीच्या कराच्या पावतीपुरतं असतं, तर मी पत्र लिहिलं नसतं. 2021 च्या उन्हाळ्यात माणसं ऑक्सिजनसाठी धावत होती आणि लस मिळवायचा रस्ता कोविन या संकेतस्थळावरून जात होता. त्या वर्षी 31 मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं कोविनमधल्या त्रुटी एकेक करून नोंदवल्या. कॅप्चाला आवाजाचा किंवा मजकुराचा पर्याय नाही. वयोगट, लशीचं नाव, मोफत की विकत, हे निवडायचे फिल्टर दृष्टिहीनांना वापरता येत नाहीत. लशीच्या किती जागा शिल्लक आहेत ते ऐकू येतं, पण त्या कोणत्या दिवशीच्या हे कळत नाही, कारण तक्त्यातले आकडे आणि वरच्या तारखा एकमेकांना जोडलेल्या नाहीत. कळफलकावरून पानात फिरता येत नाही. आणि नोंदणी पूर्ण व्हायच्या आत माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. ही यादी परत वाचा, साहेब. तुमच्या पानावर मला आलेल्या अडचणी यात जवळजवळ जशाच्या तशा आहेत. महामारीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तक्त्याच्या शीर्षकांविषयी लिहावं लागलं, आणि त्यानंतर तुमचं संकेतस्थळ तयार झालं. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरलेली नाही.

ही अडचण एकट्या दृष्टिहीनांची नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून 2023 साली एका बँकेत खातं उघडायला गेल्या. डिजिटल केवायसीच्या पडद्यानं त्यांना पापण्यांची उघडझाप करून जिवंत असल्याचं दाखवा म्हणून सांगितलं. हल्ल्यात त्यांच्या डोळ्यांना झालेल्या इजेमुळे ते त्यांना शक्य नव्हतं. त्या आणि दृष्टिहीन वकील अमर जैन सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी निकाल दिला : डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसी दिव्यांगांना करता यावी यासाठी न्यायालयानं 20 निर्देश दिले. जगण्याचा हक्क, साहेब. अहवालातल्या शेवटाकडच्या ओळीचा हा दर्जा आहे.

कायदाही तुमच्या बाजूनं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. त्याच्या कलम 46 नुसार सेवा देणाऱ्यानं, मग तो सरकारी असो वा खासगी, सुगम्यतेचे नियम निघाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा त्या नियमांप्रमाणे करायची होती. नियम जून 2017 मध्ये निघाले. कलम 89 मध्ये दंडही आहे : पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी 50 हजार ते 5 लाख. तरीही काही हललं नाही, कारण सुगम्यतेची मानकं म्हणजे निव्वळ शिफारशी आहेत असं मानून सगळे निवांत होते. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती पळवाटही बुजवली. सुगम्यता ऐच्छिक ठेवणारा नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत आहे असं सांगून, बंधनकारक मानकं ठरवण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांची याचिका 2005 सालची आहे. एका दृष्टिहीन माणसाला साध्या सुगम्यतेसाठी जवळपास वीस वर्षं न्यायालयात उभं राहावं लागलं, हे वाचून मला त्यांचा अभिमान वाटतो आणि तुमच्यासारख्यांची लाज वाटते.

तुमच्याकडून नेहमी ऐकू येणारी दोन उत्तरं आहेत. पहिलं, ‘असे किती जण वापरतात?’ 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले 29 लाख 63 हजार महाराष्ट्रात. तेव्हाच्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार कमी होते, आता ते 21 आहेत. शिवाय या मोजणीबाहेरचे लोकही आहेत. मोतीबिंदू झालेले आजोबा, हात कापतो म्हणून बारीक बटन दाबू न शकणाऱ्या आजी, प्लास्टरमध्ये हात असलेला कारकून, आणि ज्यांना ऐकू येत नाही म्हणून तुमचा ‘फक्त फोनवर संपर्क साधा’ हा मदत क्रमांक निरुपयोगी ठरतो ते सगळे. तुमच्या पानावर दिव्यांग फिरकत नसतील, तर त्याचं कारण तुमचं पान आहे. जिना चढून येणारे किती, हे मोजून व्हीलचेअरवाल्यांची गरज ठरत नाही.

दुसरं उत्तर, ‘खर्च होतो.’ संकेतस्थळ पूर्ण झाल्यावर दुरुस्त करायला खर्च होतो, हे खरं आहे. सुरुवातीपासून नीट बांधलं तर होणारा खर्च फार थोडा असतो, कारण बहुतेक चुका अगदी साध्या असतात. वेबएम ही अमेरिकी संस्था दर वर्षी जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. सुमारे 95 टक्के पानांवर सापडणाऱ्या चुका वर्षानुवर्षं त्याच त्या आहेत : फिकट अक्षरं, चित्राला वर्णन नाही, चौकटीला नाव नाही, लिंक रिकामी, बटन रिकामं. यातली एकही चूक सुधारायला शास्त्रज्ञ लागत नाही. तपासणीची पद्धत जगात 1999 पासून लिहून ठेवलेली आहे. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत. सुगम्यतेचं भारतीय मानक आयएस 17802 आलेलं आहे.

हे वाचून तुम्हाला खरंच काही करावंसं वाटलं, तर उद्या सकाळी कार्यालयात गेल्यावर माउस काढून कपाटात ठेवा. फक्त कळफलकावर तुमच्याच संकेतस्थळावरून तुमच्या घराचा कर भरून पाहा. मग एनव्हीडीए उतरवा, पडदा बंद करा आणि तेच परत करा. जिथं अडाल तिथं थांबा, लिहून ठेवा, कंत्राटदाराला बोलवा आणि दुरुस्तीशिवाय पुढचं बिल काढू नका. पुढच्या निविदेत अट घाला की स्वीकृतीआधी दिव्यांग वापरकर्ते संकेतस्थळ तपासतील, त्यांना त्या कामाचे पैसे मिळतील, आणि त्यांची सही तुमच्या सहीच्या वर असेल. माझ्या ओळखीत दृष्टिहीन, संगणक उत्तम जाणणारे, हे काम करायला तयार असलेले तरुण आहेत. त्यांना नोकऱ्या मिळत नाहीत, कारण नोकरीचे अर्जही ऑनलाइनच असतात आणि त्या अर्जांवरही कुठल्या तरी साहेबांची अशीच सही झालेली असते.

तुमच्याकडून मला माफीचं पत्र नको. तुमच्या अहवालातली ती नोंद चुकीची आहे, हे लेखी कबूल करा आणि दुरुस्तीची तारीख जाहीर करा. कॅप्चा काढा, चौकटींना नावं द्या, पीडीएफ युनिकोडमध्ये टाका. यातलं काही झालं नाही, तर पुढचा पत्रव्यवहार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांमार्फत होईल.

आणि आता हे पत्र वाचणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांना एक विनंती. एखादं संकेतस्थळ किंवा ॲप वापरता आलं नाही, की ‘मलाच जमत नाही’ म्हणून आपण शेजाऱ्याला हाक मारतो आणि विषय संपवतो. तसं करू नका. काम अडलं असेल तर ते कोणाची तरी मदत घेऊन उरका, पण त्याच दिवशी लेखी तक्रारही करा. कोणतं पान, कोणत्या चौकटीवर अडलो, कोणता स्क्रीन रीडर, कोणती तारीख, एवढं त्यात असू द्या. आधी त्या कार्यालयाला पाठवा. उत्तर आलं नाही तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्त कार्यालयाकडे 2016 च्या कायद्याचा उल्लेख करून पाठवा. केंद्र सरकारची सेवा असेल तर दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. आणि प्रत्येक वेळी पोच घ्या.

आपली,
कर भरलेली एक नागरिक